अडीच गुंठे लेस्टर

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आम्ही उभयता लेस्टरला चिरंजीवांकडे गेलो, ते नातवाचे तोंड पाहण्यासाठी. सहा महिन्यांचा व्हिसा, पापड-सांडगे, पूजेचे पुस्तक आणि माझी रोजची डायरी, एवढीच तयारी होती. या मुक्कामात हाती फावडे धरावे लागेल असे कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. पस्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत माझ्या हाताला पेनाखेरीज कशाचाही घट्टा पडलेला नाही.

पोहोचल्यानंतर आठवड्याभरातच एका सकाळी दाराच्या फटीतून एक पत्र आत पडले. चिरंजीव इस्पितळातली रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते. सूनबाईंनी पत्र वाचले आणि न बोलता माझ्याकडे दिले. आपल्या ताब्यातील प्लॉट पाहणीच्या वेळी लागवडीखाली आढळला नाही, तण माजलेले आहे, चार आठवड्यांत सुधारणा न झाल्यास ताबा काढून घेण्याचा विचार करावा लागेल, असा मजकूर होता. भाषा सभ्य, वाक्ये मोजकी, दोष कोणाचा ते स्पष्ट. अशी पत्रे मी आयुष्यभर लिहिली आहेत.

इंग्लंडमध्ये ज्याला अलॉटमेंट म्हणतात, तो प्रकार आपल्या वाचकांना परिचित नसेल, म्हणून थोडे सांगतो. शहरातल्या ज्या कुटुंबाला भाजी पिकवायची आहे, त्याला वार्षिक भाड्याने जमिनीचा एक तुकडा मिळतो. १९०८ च्या कायद्याने अशी मागणी पुरी करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. १९२२ च्या कायद्याने व्याख्या केली, की हा तुकडा मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी व फळे पिकवण्याकरिता असावा. १९२५ पासून अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन सरकारच्या संमतीवाचून परस्पर विकता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात 'विजयासाठी खणा' अशी हाक सरकारने दिली, तेव्हा देशभर अशा तुकड्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली होती. पुढे ती बरीच घटली. आता पुन्हा मागणी आहे आणि अनेक ठिकाणी प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे नाव ठेवून बसावे लागते. आमच्या चिरंजीवांचाही नंबर असाच उशिरा लागलेला.

या तुकड्याचे माप जुन्या पद्धतीने दहा रॉड. हे ऐकून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. दोन रॉड म्हणजे तेहतीस फूट, म्हणजे आपल्याकडच्या मोजणीची साखळी. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. तेव्हा दहा चौरस रॉड म्हणजे अडीच गुंठे, एका चौरस इंचाचाही फरक नाही. सातासमुद्रापार येऊन गुंठ्याचे सख्खे भावंड भेटावे, याची मला गंमत वाटली. सौ. म्हणाली, "मोजून झाले असेल तर आता तिथे जाऊन बघा तरी."

चिरंजीवांचा विचार वेगळा होता. संध्याकाळी उठल्यावर ते म्हणाले, "अण्णा, मला नाही जमत. बाळ झाल्यापासून मी फेब्रुवारीनंतर तिकडे फिरकलोसुद्धा नाही. परत देऊन टाकतो." बोलणे वाजवी होते. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण घरात कोणाला सांगितले नव्हते, ते इथे सांगतो.

१९९४ साली मी वारणाकाठच्या एका शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. एका गावी भुईमुगाच्या शेताची पाहणी करायची होती. मोटारसायकल रस्त्यावर लावली आणि बांधावरून पाहिले. भुईमूग तणात बुडालेला. 'पिकाची निगा नाही' असा शेरा मारला आणि पुढच्या गावाला गेलो. त्या शेऱ्यावरून पुढच्या हंगामाचे कर्ज मंजूर झाले नाही. नंतर कळले, की त्या पावसाळ्यात त्या गृहस्थाची पत्नी दोन महिने मिरजेला दवाखान्यात होती आणि तो तिच्या उशाशी बसून होता. शेरा नियमाला धरूनच होता. आजही तो तसाच लिहावा लागेल. पण मी त्याला काही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसने प्लॉटवर गेलो. उंच कुंपण, कुलूपबंद फाटक, आत मधोमध गाडीवाट आणि दोन्ही बाजूंना तुकडेच तुकडे. प्रत्येकावर जुन्या दारांची, खिडक्यांची, पत्र्यांची खोपी. शिस्तीच्या देशात इतका अस्ताव्यस्त, इतका घरगुती पसारा मी दुसरीकडे पाहिला नाही. आमच्या तुकड्यात गुडघाभर गवत होते. माती चिकण, ओली असताना बुटाला धरणारी आणि वाळली की भेगाळणारी. आपल्या काळ्या रानाची आठवण यावी अशी, फक्त रंगाने तांबूस.

आता एक प्रश्न उभा राहिला, जो या मासिकाच्या वाचकांना लगेच समजेल. खणायचे म्हणजे मातीतले जीव दुखावणे आले. आमच्या भागातले जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरीच आहेत. भगवान आदिनाथांनी शिकवलेल्या असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्‌कर्मांत कृषी आहेच. संकल्पी हिंसा वर्ज्य आणि उद्योगी हिंसा गृहस्थाला सुटत नाही, म्हणून ती होता होईल तेवढी कमी करावी, हे वडील नांगर जुंपण्याआधी हात जोडत तेव्हा न सांगताच आम्हाला कळत असे. पण मी मसि आणि वाणिज्य पत्करले. माझ्या वाटणीचे रान धाकट्या भावाने कसले. अहिंसेचा हा भाग मला कधी स्वतः तोलावा लागला नव्हता.

तोड शेजारच्या तुकड्यावरून आली. तिथले गृहस्थ होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. त्यांनी सांगितले, की हल्ली पुष्कळ लोक खणतच नाहीत. गवतावर जाड पुठ्ठा अंथरायचा, वर चार-सहा इंच कुजलेले खत पसरायचे आणि त्यातच रोपे लावायची. खालचे गवत उजेडावाचून मरते आणि गांडुळे आपले काम करत राहतात. सॉमरसेटमधील चार्ल्स डाउडिंग या बागकर्त्याने ही पद्धत तिकडे बरीच लोकप्रिय केली आहे. त्यामागे धर्मविचार नाही, माती सुधारते आणि पाठ वाचते, एवढाच हिशेब. सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी जाऊन पुठ्ठे मागणारा निवृत्त शाखाधिकारी हे दृश्य सौ.ने फोनमध्ये टिपून सांगलीच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावर एक गुजराती आजी होत्या. सगळे त्यांना 'बा' म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्या नव्या नवरीच्या वयात इकडे आल्या. त्या सुमारास लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या शहरात घरे, शाळा, दवाखाने अपुरे आहेत, तरी इकडे येऊ नये. याविषयी विचारले तर बा म्हणाल्या, "मी कुठे पेपर वाचत होते? नणंद लेस्टरला होती, म्हणून आलो." ज्या शहराने येऊ नका म्हटले, तिथे आज बेलग्रेव्ह रोडला दागिन्यांची, साड्यांची, मिठायांची दुकाने ओळीने आहेत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चच्या इमारतीत १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आहे. त्या एका छपराखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय नांदतात. आपल्याकडे हे इतक्या सहज घडले असते का, असा विचार दर रविवारी दर्शनानंतर पायऱ्या उतरताना मनात येई.

बांनी पहिल्याच दिवशी आमच्या खोपीच्या भिंतीला टेकलेला एक वाळका वेल दाखवून विचारले, "हा कुठला?" चिरंजीवांनी आदल्या वर्षी किराणा दुकानातल्या पाकिटातले वाल पेरले होते. वेल छपरापर्यंत गेला, पाने तळहाताएवढी झाली आणि ऑक्टोबरच्या थंडीत एकही शेंग न देता जळून गेला. बा हसल्या. "एने दिवस ओळखतां नथी आवडतुं," त्या म्हणाल्या. त्याला दिवस ओळखता येत नाही.

हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवले, कारण त्यात पूर्ण शास्त्र आहे. वाल मूळचा उष्ण मुलखातला. त्याच्या बहुतेक जाती दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलत नाहीत. सांगलीला वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा असतो, लेस्टरला जूनमध्ये तो सतरा तासांच्या जवळ जातो. आपला वाल तिथे उन्हाळाभर वाट पाहत बसतो, की हा दिवस मावळणार कधी? सप्टेंबरच्या अखेरीस दिवस त्याच्या मनाजोगता होतो, तेव्हा फुलायला लागतो आणि पाठोपाठ हिमकण येऊन त्याला संपवतात. हरभऱ्याचे उलट आहे. लांब दिवस त्याला मानवतो आणि ऑगस्टमध्ये ओले सोलाणे निघतात. कोथिंबीर तर जूनच्या उजेडाने इतकी भांबावते, की जुडी बांधण्याआधीच फुलावर येते. मेथी सालस, दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरावी आणि महिन्या-दीड महिन्याने खुडावी. दुधीला आडोसा लागतो. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि तिथे पतंग भरवशाचे नाहीत, म्हणून नरफूल तोडून स्वतःच्या हाताने मादीफुलाला लावावे लागते. हे काम सौ.ने माझ्याकडून काढून घेतले. "तुमचा हात सही करायचा," ती म्हणाली.

बांचा वाल मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला फुलतो. याची युक्ती त्यांनी सांगितली, ती अशी. पहिल्या वर्षी शंभर दाणे पेरले, त्यांतल्या एकदोन वेलांना थंडीच्या आधी कशाबशा शेंगा आल्या. त्या खाल्ल्या नाहीत, बियाणे म्हणून ठेवल्या. पुढल्या वर्षी त्यांतूनही सर्वांत आधी फुललेला वेल राखला. असे करता करता चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. कॉव्हेंट्रीजवळ रायटन येथे गार्डन ऑरगॅनिक नावाची संस्था आहे. तिने 'सोइंग न्यू सीड्स' या प्रकल्पात मिडलंड्स भागातल्या अलॉटमेंटांवर स्थलांतरित कुटुंबांनी रुजवलेल्या अशा वाणांची माहिती आणि बियाणे गोळा केले. बांकडे कोणी गेले नव्हते, किंवा गेले असतील तर बा त्या वेळी घरी नव्हत्या. त्यांचे बियाणे औषधाच्या डबीत असते. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी घरच्या खिडकीत वाढवलेली सहा रोपे आम्हाला दिली आणि दक्षिणेकडच्या भिंतीशी, जुनी खिडकी आडोशाला ठेवून कशी लावायची ते उभे राहून करून घेतले. मी कौतुकाने आदल्या वर्षीच्या पाकिटातले चार दाणेही शेजारी पेरले. बा काही बोलल्या नाहीत.

मुदतीचे चार आठवडे संपत आले. तोवर दोनतृतीयांश तुकडा पुठ्ठ्याखाली किंवा पिकाखाली आला होता. उरलेल्या एका पट्ट्यात मात्र मी हात लावू दिला नव्हता. तिथे चाकवत उगवली होती. आपल्याकडे जिची ताक घालून पातळ भाजी होते, तीच ही चाकवत. इंग्लंडमध्ये ती तण म्हणून ओळखली जाते आणि उपटून खताच्या ढिगावर टाकतात. होजिअरीवाले गृहस्थ आपल्या तुकड्यातली उपटत होते, तेव्हा मी ती टोपलीभर मागून घेतली. त्यांना वाटले, की माझ्याकडे ससे आहेत.

पाहणीला एक तरुण बाई आल्या. हातात पाटी, त्यावर छापील तक्ता. प्रत्येक रांग पाहिली आणि चाकवतीच्या पट्ट्याशी थांबून भुवई उंचावली. मी माझ्या बँकेच्या इंग्रजीत सांगितले, की हे तण नाही, ही भाजी आहे, आमच्या घरी परवाच झाली होती. शेजारी गृहस्थांनी कुंपणावरून दुजोरा दिला. कालच्या टोपलीच्या बदल्यात सौ.ने त्यांना वाटीभर पातळ भाजी दिली होती आणि त्यांनी ती पावाबरोबर संपवली होती. बाईंनी विचारले, "काय म्हणता याला?" मी म्हणालो, "चाकवत." त्यांनी स्पेलिंग विचारून घेतले आणि तक्त्याच्या रकान्यात ते लिहिले. लिहून झाल्यावर मला दाखवले, बरोबर आहे का म्हणून.

मी बराच वेळ खोपीच्या पायरीवर बसून होतो. सौ.ला वाटले, ऊन लागले. तेव्हा तिला भुईमुगाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "तो माणूस अजून आहे का?" आहे की नाही, मला माहीत नव्हते.

आषाढ चतुर्दशीपासून आमचा पालेभाजीचा त्याग सुरू झाला. नेमकी तेव्हाच मेथी जोमात आलेली. ती बांच्या आणि सूनबाईंच्या मैत्रिणींच्या घरी जाऊ लागली. पावसाबरोबर गोगलगाई आल्या. शंखाच्या येतात आणि बिनशंखाच्या, बोटभर लांब, त्याही येतात. एका रात्रीत रोपाचा देठ तेवढा उरतो. पूर्वी तिथे लोक निळ्या गोळ्या टाकत. त्यातले मेटाल्डिहाइड हे विष पक्ष्यांना, साळिंदरासारख्या छोट्या हेजहॉगना बाधते, म्हणून २०२२ च्या मार्चअखेरीपासून त्याच्या उघड्यावरील वापरावर तिथे बंदी आली. होजिअरीवाले बशीत बिअर ठेवून गोगलगाई बुडवत. आमच्याकडे दोन्ही शक्य नव्हते. मग चिरंजीव, ज्यांना प्लॉट परत करायचा होता, तेच सुट्टीच्या रात्री टॉर्च आणि बादली घेऊन माझ्याबरोबर येऊ लागले. चिमट्याने एकेक उचलायची आणि लांबच्या झुडपात सोडायची. एका रात्री ६३ भरल्या, डायरीत नोंद आहे. शेजारी म्हणाले, त्या परत येतात. येत असाव्यात. पण त्या तासाभराच्या चालण्यात मुलाने मला त्याच्या रात्रपाळ्यांबद्दल जेवढे सांगितले, तेवढे फोनवर दहा वर्षांत सांगितले नव्हते.

जुलैत गृहस्थांनी बादलीभर नवे बटाटे आणून ठेवले. नाकारायचे कसे? मी समजावून सांगितले, की आम्ही जमिनीखाली वाढणारे कंद खात नाही. त्यांनी आपल्या तुकड्याकडे वळून पाहिले. बटाटा, गाजर, बीट, कांदा, लसूण. "म्हणजे माझे निम्मे शेत बाद," असे म्हणून ते निघून गेले. मला अपराधी वाटले. दुसऱ्या दिवशी ते रनर बीन घेऊन आले. हा लाल फुलांचा, काठीवर चढणारा तिकडचा लाडका घेवडा. जुडी माझ्या हातात देऊन त्यांनी आकाशाकडे बोट केले: हे वरचे आहे. त्याची ओले खोबरे घालून केलेली भाजी आपल्या घेवड्याहून फारशी वेगळी लागत नाही. त्यांच्याकडून रुबार्बचे देठही मिळाले. पाने विषारी, देठ आंबट. आमटीत आमसुलाच्या जागी चालतो, हा सौ.चा शोध.

एक गोष्ट सांगायची राहिली. अनथऊचा नेम तिथे उन्हाळ्यात फारच सोपा. सूर्यास्त साडेनऊला. प्लॉटवरून आठला परतावे, सावकाश जेवावे, तरी उजेड उरतोच. बा म्हणाल्या, डिसेंबरात या, चारच्या आत जेवून दाखवा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बांच्या रोपांना जांभळी फुले आली. पाकिटातले वेल त्यांच्या दुप्पट उंच, हिरवेगार आणि स्वस्थ. सप्टेंबरात आम्ही दोनदा वालपापडीची भाजी खाल्ली आणि बाकी शेंगा वेलावरच वाळू दिल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकिटाच्या वेलावर पहिल्या कळ्या दिसल्या. चारच दिवसांनी गवत पांढरे झाले आणि दुपारपर्यंत ती पाने काळी पडली.

निघण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत शेंगा सोलल्या. ४१ दाणे निघाले. मी ते घेऊन बांकडे गेलो. त्यांनी त्यातले टपोरे सहा निवडून औषधाच्या डबीत टाकले आणि बाकीचे माझ्या हातावर ठेवले. मी म्हणालो, "बा, व्याज?" त्या म्हणाल्या, "भाई, मी बँक थोडीच आहे?"

घरी आल्यावर चिरंजीवांनी एक जुने पाकीट शोधले, त्यात ३५ दाणे घातले आणि वर पेन्सिलीने लिहिले: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, खिडकीत.